मॅटाडोरला पण व्हिंटेज म्हणा की राव

डिसेंबर-जानेवारी आला की आमच्या ग्रुपवर व्हिंटेज रॅल्यांच्या फोटोंचा पाऊस सुरू होतो. चकाचक रोल्स रॉइस, लांबलचक ब्यूक, कुठल्यातरी संस्थानातली डेमलर आणि शेजारी फेटा बांधून उभे असलेले मालक. मी पण जातो बघायला, नाही असं नाही, कुणी बॉनेट उघडून ठेवलेलं दिसलं की माझे पाय आपोआप तिकडे वळतात आणि बायको कंटाळून भेळेच्या गाडीकडे निघून जाते. पण खरं सांगू का, या गाड्यांमध्ये आपल्यापैकी कोण कधी बसलं होतं? आमच्या घरात तरी कुणी नाही. आमच्याकडची सगळी पोरं ज्या गाडीतून शाळेत गेली, वऱ्हाडात गेली, अष्टविनायकाला गेली, आणि आमची धाकटी आत्या तर ज्या गाडीतून बाळंतपणाला तालुक्याच्या दवाखान्यात गेली, ती गाडी म्हणजे मॅटाडोर. आणि ती मला एकाही रॅलीत दिसलेली नाही.

ज्यांनी बघितलीच नाही त्यांच्यासाठी सांगतो. चपट्या नाकाची, गोल दिव्यांची, बहुतेक वेळा पांढरी नाहीतर फिकट निळी व्हॅन. ओम्नी नाही बरं का, ओम्नी ही नंतरची आणि तब्येतीने फारच किरकोळ. मॅटाडोरमध्ये शाळेची किती पोरं बसायची याचा हिशोब ड्रायव्हरकाकांनी कधी आरटीओला दिला नाही त्यामुळे मी पण देत नाही. या गाडीची खरी गंमत तिच्या तळात होती. फ्रंट व्हील ड्राइव्ह होती ती, म्हणजे इंजिन पुढे, गिअरबॉक्स पुढे आणि ओढही पुढच्याच चाकांना, त्यामुळे मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब शाफ्टच नव्हता, आणि शाफ्ट नाही म्हटल्यावर मागची जमीन अगदी खाली आणता आली. म्हणून आजी पाटावर पाय न देता आत चढायची, म्हणून दुधाचे कॅन एकटा माणूस ओढून आत ठेवू शकायचा, म्हणून ॲम्ब्युलन्सवाल्यांना पण ती सोयीची होती.

आणि इंजिन कुठे? ड्रायव्हर आणि शेजारच्या सीटच्या मधोमध, एका झाकणाखाली. त्या झाकणावर रेक्झिन चढवलेलं असायचं आणि रेक्झिनवर घडी घातलेली गोधडी, आणि त्या गोधडीवर एक माणूस. ही जागा खरं तर कुणाची नव्हतीच पण ती कधी रिकामी पण नसायची. वऱ्हाडात तिथे नवऱ्याचा मित्र, देवदर्शनाला एखादा भाचा, आणि शाळेच्या गाडीत जो शेवटच्या स्टॉपला चढेल तो. कात्रज चढून होईपर्यंत खालून असली धग लागायची की पोरगं दर दोन मिनिटांनी बूड उचलून बघायचं. थंडीत मात्र त्याच जागेसाठी मारामाऱ्या!

घाटात तिची एक खोड होती, ती पण सांगायला पाहिजे नाहीतर तुम्ही म्हणाल नुसतं कौतुक चाललंय. चढाला सगळं वजन मागे जातं, आणि ओढायची चाकं पुढे. रस्ता कोरडा असला तर ठीक, पण पावसात चिखल असला आणि गाडी मागून भरलेली असली की पुढची चाकं जागच्या जागी भिरभिरायची. मग ड्रायव्हर मान मागे वळवून म्हणायचा, चला, मागचे चारपाच जण उतरा, आणि दोघंतिघं पुढे येऊन बसा. लोक उतरायचे पण, कुरकुर न करता, कारण थोडं चालायचं आणि वर जाऊन परत बसायचं हे सगळ्यांना पाठ होतं.

आता ही गाडी आली कुठून? आम्ही पिंपरी-चिंचवडवाले समजायचो की ती आकुर्डीचीच. आकुर्डीत बनायची हे खरंच आहे, पण तिचं आजोळ जर्मनीत, हॅम्बुर्गमध्ये. तिथे विडाल अँड सोन नावाची कंपनी 1920 च्या दशकापासून टेम्पो नावाने छोट्या मालगाड्या बनवत होती. आधी तीनचाकी, आणि मग युद्धानंतर 1949 ला त्यांनी चारचाकी मॅटाडोर काढली. त्या पहिल्या मॅटाडोरला इंजिन होतं फोक्सवॅगनचं, म्हणजे बीटलवालं, 25 हॉर्सपॉवरचं. आता बघा, 1950 मध्ये फोक्सवॅगनने स्वतःचीच व्हॅन बाजारात आणली, तीच ती जगप्रसिद्ध हिप्पी व्हॅन, आणि मग आपल्याच प्रतिस्पर्ध्याला इंजिन कशाला विकायचं म्हणून थोड्या वर्षांत पुरवठा बंद केला. बिचाऱ्या टेम्पोवाल्यांना आधी हाइंकेलची आणि पुढे ऑस्टिनची इंजिनं शोधत फिरावं लागलं. मला ही गोष्ट फार आवडते कारण ज्या फोक्सवॅगनच्या व्हॅनवर आज जग जीव टाकतंय, टीशर्टवर काय, मगवर काय, कीचेनवर काय, तिची आपली मॅटाडोर जुनी प्रतिस्पर्धी. आणि थोरली पण!

पुढे ती टेम्पो कंपनी हॅनोमाग या दुसऱ्या जर्मन कंपनीकडे गेली, आणि हॅनोमागचा व्हॅनचा धंदा 1970 च्या सुमारास डायम्लर-बेंझकडे, म्हणजे मर्सिडीजवाल्यांकडे. त्यामुळे काय झालं, की त्याच घराण्यातली, पुढच्याच चाकांनी चालणारी, खालच्या तळाची व्हॅन मर्सिडीजचा स्टार लावून विकली जायला लागली, एल 206 डी आणि एल 306 डी या नावाने. तिकडे ती 1977 पर्यंत बनली.

माझा एक आतेभाऊ स्टुटगार्टला असतो. मागे कधीतरी तो कुठल्यातरी जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला गेला आणि तिथून मला मेसेज, "अरे इथे आपली शाळेची व्हॅन उभी आहे आणि तिच्यावर मर्सिडीजचा लोगो लावलाय कुणीतरी." मी म्हटलं कुणीतरी नाही रे बाबा, मर्सिडीजनेच लावलाय. मग त्याने आतले फोटो पाठवले. लाकडी कपाटं, दोन शेगड्यांचा ओटा, पितळी नळ, खिडक्यांना चौकड्यांचे पडदे, मागे बाकाचा पलंग होतो अशी सोय. जर्मनीत या एल 206 ला घर बनवून फिरणारे लोक भरपूर आहेत. तळ खाली असल्यामुळे आत माणसाला बऱ्यापैकी उभं राहता येतं, आणि मोटरहोमला तेच तर लागतं. मालक म्हणे सत्तरीचे आजोबा होते आणि भावाने त्यांना सांगितलं की ही गाडी आमच्याकडे 2000 च्या आसपासपर्यंत बनत होती, तर ते हसायलाच लागले, त्यांना वाटलं हा चेष्टा करतोय. मग याने मोबाईलवर फोटो दाखवला, हार घातलेली, लिंबूमिरची लावलेली, टपावर सतरंज्या बांधलेली मॅटाडोर. आजोबांनी म्हणे तो फोटो मागून घेतला.

त्या गाडीच्या नंबरप्लेटच्या शेवटी एक एच होता. भावाने विचारून घेतलं. जर्मनीत गाडी 30 वर्षांची झाली आणि मूळ रूपात नीट सांभाळलेली असली की तपासणी करून हा एच मिळतो, 1997 पासून ही पद्धत आहे, आणि मग टॅक्स ठरावीक, वर्षाला 191 युरोच्या आसपास. मुद्दा असा, की हे फक्त मोटारींना नाही. ट्रक, व्हॅन, डंपर, सगळ्यांना. म्हणजे आयुष्यभर बटाटे वाहिलेल्या गाडीला पण म्हातारपणी मान आहे.

आपल्याकडे आता बघा. 2021 मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम काढले. चांगली गोष्ट झाली, आधी काहीच नव्हतं. वय 50 वर्षांच्या वर पाहिजे, गाडी मूळ रूपात पाहिजे, नव्या नोंदणीचे 20,000 रुपये, दहा वर्षांची मुदत, आणि नंबरमध्ये व्हीए ही अक्षरं. रोज वापरायची नाही, धंद्याला तर नाहीच नाही. पण हा सगळा विचार दुचाकी आणि चारचाकी मोटारी डोळ्यांसमोर ठेवून केलेला. म्हणजे मॅटाडोरची थोरली बहीण, ती तीनचाकी हॅन्सिट, काळ्या धुराची, पुढच्या एका चाकावर सगळा संसार ओढणारी, ती तर दारातच बाद. आणि मॅटाडोरचं म्हणाल तर ती आपल्याकडे साठचं दशक संपताना आली, म्हणजे अगदी सुरुवातीच्या गाड्यांनी आत्ता कुठे पन्नाशी ओलांडली असती. असती म्हणतोय, कारण उरलीय कुठे?

का उरली नाही ते पण सरळ आहे. घरची फियाट असली की माणूस ती विकत नाही, आजोबांची म्हणून शेडमध्ये ताडपत्री टाकून ठेवतो आणि नातवाला एक दिवस उमाळा येतो. मॅटाडोर कुणाच्या आजोबांची नसते, ती धंद्याची असते. पुण्यात दहा वर्षं शाळेची पोरं नेली, मग नगरला कुणीतरी घेतली आणि भाजी वाहिली, मग अजून आत एखाद्या गावात वीटभट्टीवर. दर टप्प्याला किंमत कमी, डागडुजी कमी आणि वजन जास्त. त्यात जुन्या कमर्शियल गाडीला दरवर्षी फिटनेस. एका वर्षी मालक हिशोब करतो, की पासिंगला जेवढा खर्च येतोय त्याच्यापेक्षा भंगारवाला जास्त देतोय. झालं. यात त्या मालकाचं मी काही चुकीचं म्हणत नाही, त्याच्या जागी मी असतो तर मी पण तेच केलं असतं.

पद्मिनीचं नशीब चांगलं. मुंबईतल्या शेवटच्या काळ्यापिवळ्या पद्मिनीची मुदत 2023 च्या ऑक्टोबरअखेर संपली तेव्हा सगळ्या पेपरांत बातम्या, लोकांचे डोळे पाणावले, टॅक्सी युनियनने एक तरी गाडी जपा म्हणून मागणी केली. त्याच्या महिना-दीड महिना आधी बेस्टची जुनी डिझेल डबलडेकर गेली तर तिला फुलं वाहून निरोप दिला. बरोबरच आहे ते. पण मॅटाडोर गेली तेव्हा कुणाच्या लक्षातच आलं नाही. एक दिवस आपल्याला आठवलं की अरे बरेच दिवसांत दिसली नाही.

आकुर्डीचा भाग राहिलाच. 1958 ला नवलमल फिरोदियांनी त्या हॅम्बुर्गच्या विडालशी करार करून बजाज टेम्पो उभी केली. सुरुवात मुंबईत गोरेगावला झाली, मग कारखाना पुण्याकडे आला. आधी हॅन्सिट, मग मॅटाडोर. आणि ऐंशीच्या दशकात या गाडीत आलं मर्सिडीजचं ओएम 616, 2.4 लिटरचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन. हे तेच इंजिन जे मर्सिडीजच्या 240 डी मध्ये होतं, ज्या गाड्या जर्मनीत आणि मोरोक्कोत टॅक्सी म्हणून चालून चालून म्हाताऱ्या झाल्या. म्हणजे आम्ही शाळेत जायचो ते मर्सिडीजच्या इंजिनावर बसून. अक्षरशः बसून! बजाज टेम्पोचं नाव 2005 पासून फोर्स मोटर्स झालं, पण ते इंजिन त्यांच्याच ट्रॅक्स आणि गुरखा या गाड्यांमध्ये पुढे कितीतरी वर्षं चाललं.

हे इंजिन सुरू करायची एक रीत होती. किल्ली अर्धी फिरवायची आणि थांबायचं. हीटर लागतो. नारिंगी दिवा असायचा, तो विझेपर्यंत दम धरायचा, आणि मगच सेल्फ मारायचा. जो घाई करेल त्याला नुसतं खर्रर्र ऐकू यायचं आणि मागून काळापांढरा धूर. आमचे ड्रायव्हरकाका त्या वेळात डॅशबोर्डवरच्या गणपतीला नमस्कार करायचे, आणि त्यांचा नमस्कार आणि हीटर बरोबर एकाच वेळी संपायचे. पावसाळ्यात नमस्कार जरा लांबायचा.

तर आता माझ्या डोक्यात काय खूळ आहे ते सांगतो. मला एक मॅटाडोर पाहिजे. हौस म्हणून. गेली काही वर्षं मी कुठेही गेलो की भंगारवाल्यांच्या गल्लीतून एक चक्कर मारतोच. पुण्याच्या बाहेर एका यार्डात मला एक सापडली होती, पण नुसतं अर्धं शरीर, पुढचा भाग कापून नेलेला. दरवाजा मात्र होता. तिथल्या पोराकडून एक पत्र्याचा तुकडा मागून घेतला आणि दरवाजावरचा रंग हळूहळू खरवडला. वर पांढरा, घाणेरडा, ब्रशने मारलेला. त्याच्याखाली पिवळा आणि पिवळ्यावर काळ्या अक्षरांत "...क विद्यालय", पुढचं मागचं गेलेलं. त्याच्याखाली निळा, त्यावर कसलातरी फोन नंबर, पण सहाच आकडी, म्हणजे केव्हाचा असेल तुम्हीच बघा. आणि सगळ्यात खाली कंपनीचा मूळ रंग, फिका राखाडी-निळा, नखाएवढ्या जागेत अजून चमकत होता. खालची कड मात्र पूर्ण लांबीने, म्हणजे पुट्टीने, भरलेली, बोट दाबलं तर आतच गेलं. पत्रा नव्हताच, लांबीच लांबी. मी तो दरवाजा तरी द्या म्हटलं तर यार्डवाले शेठ म्हणाले, "दरवाजा घेऊन काय घराला लावणार का साहेब?" आणि किलोवर भाव सांगितला. पुढच्या खेपेला गेलो तर दरवाजा नव्हता.

इंजिनाची मला काळजीच नाही. ट्रॅक्समुळे ओएम 616 चे पार्ट अजून मिळतात, आणि पंप-नोझलचं काम करणारे जुने मिस्त्री सातारा रोडला, नगरला, सगळीकडे आहेत, त्यांना हे इंजिन झोपेत पण उघडता येतं. खरी अडचण बॉडीची. काचेचं रबर, दिव्याच्या रिंगा, दाराचे हँडल, ती जाळी. यासाठी बुधवारी नाहीतर रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात फिरायचं आणि नशिबावर हवाला. आणि जे कुठेच मिळणार नाही ते कोल्हापूरच्या उद्यमनगरात बनवून घ्यायचं, तिथे नमुना दाखवला की ओतीव काम करून देणारे लोक आहेत, फक्त नमुना तरी पाहिजे ना.

मित्र म्हणतात घेतलीस तर कॅम्पर बनव. 2021 मध्ये राज्य सरकारचं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण पण आलंय, लोक फोर्सच्या ट्रॅव्हलरमध्ये पलंग-किचन बसवून कोकणात फिरतायत. मजेची गोष्ट म्हणजे ती ट्रॅव्हलर पण या घराण्याशी नातं सांगणारीच. जर्मनीत 1977 ला या एल 206 च्या जागी मर्सिडीजने जी व्हॅन आणली तिचीच आपल्याकडची आवृत्ती म्हणजे ट्रॅव्हलर, ऐंशीच्या दशकात आलेली. पण जुन्या गाडीत असे बदल करायचे तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं, कंपनीने बनवल्यापेक्षा मूळ रचना बदलायची तर आधी आरटीओची परवानगी, आणि परवानगी म्हटलं की... जाऊ दे.

आणि मला मनातून ते नकोच आहे. त्या स्टुटगार्टच्या आजोबांनी घर बनवलं ते त्यांच्याकडे शोभतं, कारण त्यांच्याकडे ती पहिल्यापासून फिरायला नेत होते. आपल्याकडची मॅटाडोर मला समोरासमोर बाकांचीच पाहिजे, रेक्झिनचे लाल बाक, ज्यावर उन्हाळ्यात मांड्या चिकटायच्या. आजकाल काही कॅफेवाले जुनी व्हॅन आणून तिच्यावर फुलंबिलं काढतात, पीसचं चिन्ह, एलईडीच्या माळा, आणि आत कोल्ड कॉफी. वाचली तेवढी बरी म्हणायचं, पण मला ते बघवत नाही. तिच्यावर फुलं काढायचीच असतील तर लग्नातली काढा, झेंडूची, आणि मागे "चि. सौ. कां." लिहा.

माझं खरं मागणं वेगळंच आहे. हरियाणात तावडूला हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम आहे, तिथे राजेरजवाड्यांच्या मोटारींबरोबर साध्या कामाच्या गाड्यांना पण जागा दिलीय. आपल्या पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडशांचं सायकल म्युझियम आहे, सायकलसारख्या साध्या वस्तूचं, आणि लोक आवडीने बघतात. मग ज्या पिंपरी-चिंचवड-आकुर्डीने अर्ध्या देशाला टेम्पो, रिक्षा, स्कूटर आणि ट्रक पुरवले तिथे या कामकरी गाड्यांसाठी एक बरा हॉल का नसावा? हॅन्सिट, मॅटाडोर, पुढच्या इंजिनाची रिक्षा, जुना टेल्कोचा मर्सिडीज-बेंझवाला ट्रक, सगळ्या ओळीने. शेजारी ते इंजिनावरचं झाकण, गोधडीसकट, बसून बघा म्हणावं.

बाकी माझ्या शोधाची ताजी खबर. पारनेरकडच्या एका गावात एक पूर्ण मॅटाडोर आहे असं कळलं म्हणून गेलो होतो. खरंच पूर्ण आहे! चाकं विटांवर, पण काचा शाबूत, पुढची जाळी शाबूत, दिव्याच्या दोन्ही रिंगा जागेवर, आणि इंजिनावरचं रेक्झिन फाटलेलं असलं तरी आहे. तळ वाकून बघितला तर गंज आहे पण हाताने दाबल्यावर आत जात नाही. आरसी बुक घरात कुठेतरी ट्रंकेत असेल म्हणाले. मालक वयस्कर, मी त्यांना अण्णा अण्णा करत तासभर गप्पा मारल्या, चहा झाला, मग हळूच किमतीचा विषय काढला. अण्णा म्हणाले पैशाचं नंतर बघू, आधी आत डोकावा. डोकावलो तर लाल बाकांवर रांगेने कोंबड्या बसलेल्या. "त्यांची दुसरीकडं सोय करून द्या," अण्णा म्हणाले, "आन् तिला इचारा, ती काय म्हणती." ती म्हणजे अण्णांची मंडळी, दारात सूप घेऊन उभी, आणि त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं त्यावरून बोलणी लांबणार आहेत असं दिसतंय. सध्या मी पक्क्या खुराड्याचे रेट काढतोय.